काट्यातली चिप आधी तोडून पाहा

गाळप हंगाम सुरू झाला की सांगली-सातारा पट्ट्यात एक वाद ठरलेला असतो. उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर नेण्याआधी शेतकरी ती रस्त्यावरच्या खासगी काट्यावर चढवतो, पावती खिशात ठेवतो आणि मग आत जातो. दोन पावत्यांत फरक निघाला की काटामारीची ओरड होते, संघटना उठतात, वैध मापन विभागाचं भरारी पथक येतं, प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला जातो. त्या घडीला काटा बरोबर निघाला तरी शेतकऱ्याच्या मनातली शंका जात नाही. पथकाची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर आत काय होतं, ते त्याला दिसणार नसतं.

आणि दिसण्यासारखं तिथे काही उरलेलंही नाही. प्लॅटफॉर्मखाली लोड सेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, बसवलेले असतात. भार पडला की त्यांच्यातल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण पडला की बदलणाऱ्या बारीक पट्टीचा, रोध किंचित बदलतो, काही मिलिव्होल्टचा सिग्नल जंक्शन बॉक्समधून केबिनमधल्या इंडिकेटरकडे जातो आणि तिथे आकडा उमटतो. या वाटेत एक छोटं सर्किट घुसवलं तर आकडा हवा तसा हलवता येतो. ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा पंपाच्या पोटातून अशाच चिपा आणि फेरफार केलेले पल्सर (किती इंधन गेलं ते मोजून आकड्याकडे कळवणारे भाग) निघाले होते. सील बाहेरून शाबूत, आत माप कमी.

यावर उपाय म्हणून डिजिटल लोड सेल आले. सेल स्वतःच वजनाचा आकडा तयार करून पाठवतो, मधल्या तारेत ढवळाढवळ करणं अवघड होतं. पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. आकडा पाठवणारा तो खरा सेलच आहे, त्याच्या जागी बसवलेली दुसरी डबी नाही, हे इंडिकेटरला कसं कळायचं? हाच प्रश्न घरोघरी बसणाऱ्या स्मार्ट मीटरचा आहे. कोयनेच्या पाणलोटातून पावसाचे आकडे पाठवणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचाही तोच आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पातळीचा एकेक फूट मोजत ज्यांनी रात्र काढली, त्यांना आकडा खरा असणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. सरकारी पैशाने किंवा सरकारी सक्तीने जे मोजणारं यंत्र लोकांच्या दारात बसतं, त्यातल्या ओळख पटवणाऱ्या सर्किटवर मशीन लर्निंगचा, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकून चिपचं गुपित ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला आधी उघडपणे झाला पाहिजे, त्याचा निकाल लोकांसमोर आला पाहिजे आणि मगच ते यंत्र विकत घ्यावं. कंपनीने आतून दिलेलं ‘सुरक्षित आहे’ असं प्रमाणपत्र पुरेसं नाही. हे हल्ले करण्याचं काम आपल्याच भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना पैसे मोजून द्यावं.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. गुप्तलेखनाच्या पुस्तकात नेहमीचं चित्र असं असतं: दोन टोकांना दोन प्रामाणिक माणसं आणि मध्ये कान लावून बसलेला चोर. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. इथे यंत्र ज्याच्या ताब्यात असतं, त्याचंच त्या आकड्यात हित गुंतलेलं असतं. काटा कारखान्याच्या आवारात असतो, मीटर ग्राहकाच्या भिंतीवर असतो, पंप पंपमालकाच्या जागेत असतो. यात कोणावर आळ घेण्याचा हेतू नाही, शंभरातले बहुतेक लोक सरळ असतात. पण ज्याला वाकडं करायचं असेल त्याच्याकडे यंत्र रात्रंदिवस आहे, खोलीला कडी आहे आणि वेळ भरपूर आहे. चिपला लाखो प्रश्न विचारून उत्तरं टिपायला, तिला लागणारा विजेचा प्रवाह हळूहळू मोजायला आणखी काय लागतं? मशीन लर्निंगच्या हल्ल्याला नेमका हाच कच्चा माल हवा असतो.

चिपची ओळख दोन प्रकारे ठेवता येते. जुना प्रकार म्हणजे कारखान्यात चिपच्या मेमरीत एक गुप्त किल्ली लिहून ठेवायची. स्वस्तात काम उरकायचं म्हणून काही कंपन्या सगळ्या यंत्रांत एकच किल्ली टाकतात, आणि तिथे घात होतो. २०१६ मध्ये आदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांवर हे करून दाखवलं. दिव्याच्या चिपला लागणाऱ्या विजेतले सूक्ष्म चढउतार मोजून त्यांनी फर्मवेअरची, म्हणजे दिव्याच्या आतल्या प्रोग्रॅमची, किल्ली बाहेर काढली. ती किल्ली सामायिक होती, त्यामुळे एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात पसरत जाणारा जंतू (व्हायरससारखा प्रोग्रॅम) सोडता येईल हे त्यांनी सिद्ध केलं. आता दिव्याच्या जागी मीटर धरा. २०२१ मध्ये केंद्राने वीज वितरण सुधारणेची जी योजना आणली, तिचं उद्दिष्ट देशभरात सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचं आहे. या मीटरमध्ये दुरून पुरवठा तोडण्याचा स्विच असतो. आपल्याकडे स्मार्ट मीटरवरून आंदोलनं झाली, प्रीपेडवर वाद झाला, बिलांवर झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मीटरच्या आतली किल्ली किती पक्की आहे हा प्रश्न कोणत्याही मोर्चात मला ऐकू आला नाही.

दुसरा प्रकार जास्त सुंदर आहे. किल्ली लिहूनच ठेवायची नाही, चिपच्या जन्मजात वेगळेपणातून ती काढायची. एकाच साच्यातून, सिलिकॉनच्या एकाच चकतीवर (वेफरवर) बनलेल्या दोन चिपाही हुबेहूब सारख्या नसतात. ट्रान्झिस्टरच्या जाडीत, तारांच्या रुंदीत अणूंच्या पातळीवर फरक पडतो, आणि तो कारखानदारालाही ठरवता येत नाही. या फरकाचा ठसा घेणाऱ्या सर्किटला फिजिकल अनक्लोनेबल फंक्शन म्हणतात, बोलताना सगळे ‘पफ’ म्हणतात. सिलिकॉनवर हे करता येतं हे २००२ मध्ये श्रीनिवास देवदास आणि त्यांच्या गटाने एमआयटीत मांडलं.

त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या, ‘आर्बिटर’ नावाच्या रचनेची गंमत आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल, कारण ती सरळसरळ बैलगाडी शर्यत आहे. दोन गाड्या एकदम सुटतात. वाटेत चौसष्ट टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर एक हुकूम मिळतो: आपल्याच चाकोरीत राहा, नाहीतर दोघी चाकोऱ्या बदला. चाकोऱ्या दिसायला सारख्या, पण कुठे माती भुसभुशीत, कुठे खडा, त्यामुळे प्रत्येक टप्प्यात कोणीतरी केसभर मागे पडतं. शेवटी झेंडापंच उभा आहे, तो फक्त एवढंच सांगतो की कोण आधी आलं. चिपमध्ये गाड्यांच्या जागी विजेचे दोन सिग्नल धावतात, आणि केसभर म्हणजे काही पिकोसेकंद, सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग हे तिथलं माप. चौसष्ट हुकमांची यादी हा प्रश्न, पंचाचा शून्य किंवा एक हे उत्तर. हुकमांच्या याद्या किती होऊ शकतात? दोनचा चौसष्टावा घात, म्हणजे एकावर एकोणीस शून्यांपेक्षाही जास्त. सगळी उत्तरं नोंदवून ठेवणं कोणालाच शक्य नाही. म्हणून ही चिप नक्कल करण्यापलीकडची, असा दावा होता.

दाव्यातली खोट त्या प्रचंड आकड्यामागे लपलेली होती. शर्यती अगणित असल्या तरी मैदान एकच आहे. कोणत्या टप्प्यात कोणती चाकोरी किती जड, एवढंच माहीत झालं की कोणत्याही शर्यतीचा निकाल ती न लावताच सांगता येतो. गणितात हे मांडलं तर सगळं मिळून अवघे पासष्ट अज्ञात आकडे उरतात. ही रचना मांडणाऱ्यांनी स्वतःच २००४ च्या सुमारास दाखवलं होतं की ती यंत्राला शिकता येते. तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. २०१० मध्ये उलरिश र्‍युरमायर आणि सहकाऱ्यांनी त्याचा पुरता पंचनामा केला. चौसष्ट टप्प्यांच्या सर्किटची २,५५५ प्रश्नोत्तरं देऊन लॉजिस्टिक रिग्रेशन ही मशीन लर्निंगमधली साधी पद्धत शिकवली, तर न पाहिलेल्या प्रश्नांची ९९ टक्के उत्तरं बरोबर आली. १८,०५० प्रश्नोत्तरांत ९९.९ टक्के. शिकायला लागलेला वेळ एका सेकंदापेक्षा कमी.

हा प्रयोग मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतो. महागडं काही लागत नाही, साधा लॅपटॉप आणि पायथन पुरतं. सर्किटचं प्रतिरूप मोफत मिळणाऱ्या लायब्ररीतून घेतो. मुलं आधी हुकमांचे शून्य-एक जसेच्या तसे मॉडेलला देतात, आणि अचूकता नाणेफेकीच्या जेमतेम वर अडकून बसते. खोलीत कोणीतरी म्हणतंच, ‘सर, नाही तुटत हे.’ मग मी त्यांना फळ्यावर एक टप्पा काढून विचारतो, ‘इथे मागे पडलेली गाडी शेवटी मागेच राहील का?’ थोड्या वेळाने कोणाच्या तरी लक्षात येतं की ते पुढे किती वेळा अदलाबदल होते त्यावर आहे. सम वेळा झाली तर पिछाडी त्याच बाजूला, विषम वेळा झाली तर दुसऱ्या. म्हणजे प्रत्येक टप्प्यासाठी हुकूम न देता ‘इथून शेवटपर्यंत सम की विषम’ एवढं मॉडेलला द्यायचं. कोडमध्ये दोन ओळी बदलतात. पुन्हा चालवलं की तोच प्रोग्रॅम डोळ्याची पापणी लवायच्या आत ९९ च्या घरात जातो. त्या वयात हे स्वतःच्या हाताने पाहिलेलं पोर पुढे कुठेही नोकरीला गेलं तरी ‘अतूट’ हा शब्द सहजासहजी वापरत नाही.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला की एकच क्रम दिसतो. एक सर्किट तुटलं म्हणून अनेक सर्किटं समांतर लावून त्यांची उत्तरं एक्सऑर करून, म्हणजे त्यातले एक सम आहेत की विषम एवढंच पाहून, एकच बिट बाहेर द्यायची, असं ठरलं. सहा सर्किटं जोडली तर २०१० च्याच प्रयोगात दोन लाख प्रश्नोत्तरं आणि सुमारे ३१ तास लागले. म्हणजे अवघड झालं, अशक्य नाही. आणखी जोडत गेलं तर श्रम घातांकाने वाढतील, अशी आशा होती. २०१५ मध्ये गेऑर्ग बेकर यांनी ती मोडली. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा, असं त्यांनी सुचवलं. दोन सिग्नल जवळजवळ बरोबरीने येतात तेव्हा उष्णतेच्या गोंधळामुळे उत्तर कधी शून्य, कधी एक येतं. पंच कुठे डळमळतो हेच सांगून जातं की तिथे लढत अटीतटीची होती, आणि त्या माहितीवरून एकेक सर्किट सुटं करून शिकता येतं. श्रम घातांकाने वाढायचे ते सरळ रेषेत वाढू लागले. त्याच निबंधात बेकर यांनी बाजारात विकला जाणारा, पफवर आधारलेला एक आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी ओळख सांगणारी चिप) घेतला. संवादाच्या अवघ्या चार फेऱ्या टिपून, २०० मिलिसेकंदांच्या आत मिळालेल्या माहितीवरून त्याची नक्कल केली. बाजारातला टॅग होता तो, प्रयोगशाळेतलं खेळणं नव्हे. २०१९ मध्ये इंटरपोज पफ नावाची नवी रचना आली. ज्ञात हल्ल्यांना ती पुरून उरते असा युक्तिवाद तिच्यासोबत होता. २०२० मध्ये तिचे दोन भाग वेगळे करून शिकण्याची युक्ती निघाली.

यात रचनाकार मूर्ख होते असं अजिबात नाही, ते या क्षेत्रातले उत्तम लोक आहेत. मुद्दा असा की कोणतीही रचना कालपर्यंतच्या हल्ल्यांविरुद्ध तपासली जाते, आणि तपासणारा बहुधा तिचा जन्मदाताच असतो. बाहेरच्या माणसाला तोडायला दिल्याशिवाय खरी ताकद कळत नाही. वर सांगितलेली प्रत्येक रचना उघड प्रसिद्ध झाली होती म्हणूनच ती तुटल्याचं जगाला वेळेत कळलं. कंपनीच्या कपाटात ठेवलेल्या रचनेचं काय होत असेल?

प्रश्नोत्तरांशिवाय आणखी एक वाट आहे आणि मीटरच्या बाबतीत मला तीच जास्त धोक्याची वाटते. चिप गणित करत असताना तिला लागणारी वीज क्षणाक्षणाला बदलते, आणि तो बदल आतल्या आकड्यांवर अवलंबून असतो. १९९९ मध्ये पॉल कोचर, जोशुआ जाफ आणि बेंजामिन जुन यांनी हे मोजून किल्ली काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. चिपच्या वीजपुरवठ्याच्या वाटेत एक छोटा रोध टाकायचा, त्याच्या दोन टोकांना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे चढउतार आलेखात दाखवणारं यंत्र, लावायचा आणि हजारो वेळा तीच क्रिया टिपायची. बचाव म्हणून रचनाकार चिपच्या घड्याळात मुद्दाम लटपट आणतात, म्हणजे तीच क्रिया दर वेळी थोडी पुढेमागे होते आणि हजार आलेख एकावर एक बसत नाहीत. पूर्वी ते आलेख जुळवायला मुरलेला माणूस लागायचा. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की चित्रातलं मांजर कुठल्याही कोपऱ्यात असलं तरी ओळखणारं न्यूरल नेटवर्कच या आलेखांवर लावलं तर जुळवण्याची फारशी गरजच पडत नाही. वीस वर्षांचा अनुभव ज्या कामाला लागायचा, ते काम आता चांगला लॅपटॉप आणि चिकाटी असलेला पदवीधर करू शकतो. हल्लेखोरांची संख्या वाढली आहे ती अशी.

मग बचाव कशाने होतो? सर्किट आणखी गुंतागुंतीचं करत जाण्याच्या शर्यतीवर माझा भरवसा नाही. काही रचना मॉडेलला फसवण्यासाठी मुद्दाम मधूनमधून चुकीची उत्तरं देतात. पण चुकीचं उत्तर कधी द्यायचं याचाही काहीतरी नियम असतो, आणि नियम असला की तो शिकला जाण्याची भीती आलीच. तात्पुरती डोकेदुखी वाढवायला हे ठीक आहे, दहा वर्षं भिंतीवर राहणाऱ्या मीटरसाठी नाही.

हल्लेखोराला शिकायला सामग्रीच मिळू न देणं हा मला पटणारा मार्ग आहे. पफचं कच्चं उत्तर कधीही चिपच्या बाहेर पडता कामा नये. बाहेर जाईल ते हॅशमधून (उलटं फिरवता न येणाऱ्या गणितातून) किंवा एईएससारख्या जुन्या, जगाने घासूनपुसून पाहिलेल्या सायफरमधून (गुप्तलेखनाच्या कृतीतून) गेलेलं. प्रश्न विचारण्याचा हक्कही कोणालाही नको. २०१६ मध्ये सुचवलेल्या ‘लॉकडाउन’ पद्धतीत सर्व्हरने आधी स्वतःची ओळख पटवल्याशिवाय चिप नवं प्रश्नोत्तर उघड करतच नाही, त्यामुळे खोलीची कडी लावून बसलेल्या माणसाला लाखो उत्तरं गोळा करता येत नाहीत. मीटर आणि काट्यासाठी तर मला आर्बिटरच्या कुळातली सर्किटं नकोच वाटतात. चिपमधल्या एसरॅम या मेमरीवर आधारलेला एसरॅम पफ जास्त बरा. मेमरीला वीज दिली की तिची प्रत्येक पेशी आपल्या जन्मजात कलाप्रमाणे शून्यावर किंवा एकवर स्थिरावते, त्या ठशातून चुकादुरुस्ती करून किल्ली बनते, वापरून झाली की पुसली जाते. बाहेरून विचारायला तिथे प्रश्नच नसतात.

तोही अभेद्य नाही. २०१३ मध्ये जर्मनीत आयन बीमच्या, म्हणजे भारित कणांच्या झोताने चिप कोरणाऱ्या, यंत्राने एसरॅम पफची नक्कल करून दाखवली गेली. पण त्याला कोट्यवधींची प्रयोगशाळा लागते आणि श्रम करून हाती लागते ती एका चिपची ओळख. शेजारच्या मीटरची वेगळी असते. सार्वजनिक यंत्रासाठी मी हीच कसोटी लावेन: एक यंत्र फोडायला किती खर्च येतो, आणि एक फोडल्याने बाकी किती फुटतात. पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्य असेल तर चोरी करणं परवडत नाही. विजेच्या वाटेने होणाऱ्या गळतीसाठी मास्किंग आहे. गुप्त आकडा दर वेळी नव्या यादृच्छिक तुकड्यांत वाटून गणित करायचं, म्हणजे कोणत्याही एका क्षणाच्या आलेखातून काही निघत नाही. मात्र दोन क्षण जोडून वाचणारी नेटवर्क आता आहेत, त्यामुळे मास्किंग केलं म्हणून चाचणी टळत नाही.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, तोही चांगल्या, अनुभवी माणसांकडून. रचना जाहीर करून, हल्ल्यांचे निकाल छापून आपण चोरांनाच धडे देत नाही का? झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला? याला उत्तर १८८३ सालीच मिळालेलं आहे. ऑगस्त केरकॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना अट घातली की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये, गुपित फक्त किल्लीत असावं. ही अट न पाळण्याचं फळ प्रवासाच्या तिकिटासाठी आणि दारं उघडण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मायफेअर क्लासिक या कार्डाने भोगलं. त्याचा सायफर कंपनीने गुप्त ठेवला होता. संशोधकांनी चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून तो वाचला, आणि २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाने त्यावरचा हल्ला प्रसिद्ध करायचं ठरवलं. कंपनी कोर्टात गेली. कोर्टाने प्रसिद्धी थांबवायला नकार दिला. जोखीम सदोष चिप बाजारात आणण्यातून निर्माण झाली आहे, ती सांगण्यातून नाही, असा त्याचा रोख होता. मला तो निकाल आपल्या प्रत्येक वीज अधिकाऱ्याने वाचावासा वाटतो.

फ्रान्सने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्थेने, एएनएसएसआयने, मास्किंग केलेल्या एईएसचे विजेचे आलेख २०१८ मध्ये ‘ॲसकॅड’ या नावाने सगळ्यांसाठी खुले केले. या आणि तोडून पाहा, असं देशाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या खात्यानेच सांगितलं. त्या आलेखांवर जगभरच्या विद्यार्थ्यांनी काम केलं, आमच्या मुलांनीही केलं. आपल्या मीटरचे, आपल्या काट्याच्या चिपचे असे आलेख खुले का असू नयेत?

त्रयस्थाने माप तपासण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. दुकानातल्या किलोच्या वजनावर सरकारी छाप असतो, आणि व्यापाऱ्याने ‘माझं वजन बरोबर आहे’ असं सांगून भागत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा तोलाईवर शेतकऱ्याची नजर असते, ती कोणाला अपमान वाटत नाही. माप यांत्रिक होतं तोवर ही तपासणी पुरत होती. वैध मापन निरीक्षकाची प्रमाणित वजनं आज काट्याची अचूकता सांगतात, आतल्या चिपचा प्रामाणिकपणा सांगू शकत नाहीत. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या हार्डवेअर सुरक्षेच्या अटी २०२४ मध्ये अधिसूचित केल्या आणि २०२५ पासून चाचणी सक्तीची केली. कॅमेऱ्याला जे लागू होतं, ते शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचं वजन करणाऱ्या यंत्राला लागू करायला तत्त्वतः काय अडचण आहे?

माणसांची वाण आहे म्हणावं, तर तेही नाही. वालचंद महाविद्यालय सांगलीत १९४७ पासून उभं आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. साताऱ्यात, साखराळ्यात महाविद्यालयं आहेत. चिप डिझाइनमधले ८५ हजार मनुष्यबळ घडवण्याचं उद्दिष्ट केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमाने ठेवलं आहे. ते सगळे डिझाइनच करणार का? त्यातल्या काही हजारांनी तोडण्याचं काम शिकलं पाहिजे, कारण चिप बनवणाऱ्याला ती कशी फुटते हे ठाऊक नसेल तर तो बनवेल ती फुटकीच असेल. मूठभर पैशांत एक ऑसिलोस्कोप, काही बोर्ड आणि दोन संशोधन विद्यार्थी असा कक्ष इथे उभा राहू शकतो. शेतकरी संघटना, ग्राहक पंचायत आणि वीज ग्राहकांच्या संघटना यांना त्या कक्षाकडे यंत्र आणून देण्याचा हक्क हवा.

आमच्यापुढे खरी अडचण कायद्याची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून यंत्रणेत शिरणाऱ्याला जबाबदार धरतं, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो. सद्‌हेतूने दोष शोधणाऱ्याला त्यात स्पष्ट शब्दांत अभय नाही. हेतू चांगला होता हे शेवटी कोर्टात सिद्ध करायचं, तर कोणता प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याला त्या वाटेला लावील? मीटर ग्राहकाच्या घरात असला तरी मालकी वीज कंपनीची किंवा तिच्या कंत्राटदाराची, म्हणजे परवानगीही तिथूनच यायची. गंमत अशी की २००० सालच्याच चिप-आराखड्यांच्या कायद्यात ही उदारता आहे. त्यातलं कलम १८ सांगतं की वैज्ञानिक मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन किंवा अध्यापनासाठी आराखड्याची नक्कल केली तर तो हक्कभंग नाही. तोच विचार हल्ल्याच्या चाचणीला लागू करणारी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात यायला हवी. संसदेला वेळ लागेल हे मान्य. तोवर राज्य सरकार, महावितरण आणि साखर आयुक्त कार्यालय आपापल्या निविदांत ते आजच लिहू शकतात, कारण अशा परवानगीची अट घालणं त्यांच्याच हातात आहे.

खर्च वाढेल, उशीर होईल, असं सांगितलं जाईल. होईल थोडा. बसवल्यानंतर दोष सापडला तर दारोदार जाऊन मीटर बदलण्याचा खर्च त्यापेक्षा किती मोठा असेल, याचा हिशेब तेच अधिकारी माझ्यापेक्षा चांगला करू शकतात. सांगलीच्या काट्यावर कोण एवढं डोकं चालवणार, असंही म्हणतात. पंपात चिप बसवणाऱ्यांनी डोकं चालवलंच होतं, आणि त्यांच्याकडे तेव्हा तयार मॉडेल नव्हती.

निविदेत काय लिहावं तेही सांगतो. ओळख पटवणाऱ्या सर्किटची रचना जाहीर असेल. प्रत्येक यंत्राची किल्ली स्वतंत्र असेल, सामायिक किल्ली आढळली तर करार रद्द होईल. बसवण्यापूर्वी पुरवठादाराने ठरलेल्या संख्येने नमुने आणि विजेचे आलेख किमान दोन महाविद्यालयांना द्यावेत आणि सहा महिने हल्ल्यासाठी खुले ठेवावेत. दोष आढळला तर तो आधी पुरवठादाराला कळवला जाईल, नव्वद दिवसांनी मराठीत आणि इंग्रजीत छापला जाईल. आणि हे एकदाच करून थांबायचं नाही, करार चालू असेपर्यंत दरवर्षी करायचं. आर्बिटर पफ मांडला गेल्यापासून पुरता मोडीत निघेपर्यंत आठ वर्षांहून जास्त काळ लागला नाही, आणि आपल्या भिंतीवरचा मीटर त्याहून जास्त काळ राहणार आहे. एखाद्या वर्षीच्या हल्ल्यात चिप हरली तर ती बदलण्याचा खर्च पुरवठादाराचा असेल, ग्राहकाच्या बिलात किंवा शेतकऱ्याच्या ऊसबिलाच्या कपातीत तो येणार नाही, हे कलम मी सगळ्यात वर आणि ठळक अक्षरांत घालेन.